दत्त्या, पाणी विझल्यावरच चढतं

कराड,
रविवार, १८ जानेवारी

प्रिय दत्त्यास,

स. न. वि. वि.

एवढं लिहिलं आणि मराठीच्या बाई आठवल्या. मायना चुकला की दोन मार्क जायचे, आत काय वाटेल ते खरडलेलं चालायचं. त्याच भरवशावर बसलोय. दिवाळीत फोन केला नाही, संक्रांतीलाही नाही. तू पाठवलेला तिळगूळ मात्र एकट्याने संपवला. शुगर आहे तिथेच आहे, डॉक्टरांनी सकाळची गोळी दीड केली. झाली तब्येत.

आता मुद्दा. हॉर्लिक्सची बाटली.

हसू नकोस. फोन न करता पत्र लिहायचं कारणच ते. फोनवर तू हसतोस, मग मीही हसतो, आणि विषय राहून जातो. घरात हिला सांगितलं तर म्हणाली, "एका मेणबत्तीचं एवढं काय घेऊन बसलाय?" एक नव्हती रे. तीन होत्या.

झालं असं, की डिसेंबरात शेजारच्या तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनाला मला परीक्षक म्हणून बोलावलं. सत्तावीस वर्षं आठवी-नववीला विज्ञान शिकवलं की बोलावतात. गुलाबाचं फूल, अर्धा कप चहा, हातात गुणपत्रिका आणि पॅड. हॉलमध्ये नेहमीचाच बाजार होता. पाच ज्वालामुखी, चार ठिबक सिंचनं, एक चांद्रयान. ज्वालामुखी म्हणजे खाण्याच्या सोड्यावर व्हिनेगर ओतायचं, वर लाल रंग. कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर येतो आणि पालक टाळ्या वाजवतात. त्यात ज्वालामुखीचं काय आहे हे मी दरवर्षी विचारतो, आणि दरवर्षी एखादा ज्वालामुखी नंबरात येतो.

शेवटच्या टेबलावर आठवीतली एक मुलगी उभी होती. थर्मोकोल नाही, लाइटिंग नाही, मागे उभी राहून पाठ केलेलं पुटपुटणारी आई नाही. लोणच्याच्या तीन सारख्या बाटल्या, लेबलं खरवडून काढलेली. तीन ताटल्यांत निळीचं पाणी. एका ताटलीत एक मेणबत्ती, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मी मनातल्या मनात म्हटलं, आलं आपलं! पाठ आहे मला. मेणबत्ती पेटवली, बाटली उपडी घातली, आतला ऑक्सिजन संपला, ज्योत विझली, संपलेल्या ऑक्सिजनची जागा पाण्याने घेतली, पाणी एक पंचमांश चढलं, म्हणून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश. टाळ्या.

तिने तिन्ही पेटवल्या आणि एकामागून एक बाटल्या घातल्या. पहिलीत पाणी पाचव्या हिश्श्याच्या आसपास. दुसरीत तिसरा हिस्सा. तिसरीत, दत्त्या, जवळजवळ निम्मी बाटली निळी झाली.

मागे तक्ता होता. स्केचपेनने लिहिलेलं, "मेणबत्त्या वाढवल्या की पाणी जास्त का चढते?" आणि खाली मोठं प्रश्नचिन्ह. बाकी कोरा.

मी विचारलं, "निष्कर्ष कुठंय?"

"सर, निष्कर्ष सापडला नाही."

"अगं, प्रयोग चुकलाय तुझा. हवेत ऑक्सिजन २१ टक्केच असतो. पाणी निम्म्यापर्यंत चढेलच कसं?"

"हो सर. म्हणून तर विचारतेय."

माझ्याबरोबरचे दोघे पुढे सरकले होते. मी गुणपत्रिकेवर निष्कर्षापुढे शून्य टाकलं, सही केली आणि चांद्रयानाकडे गेलो.

येताना एस.टी.त खिडकीशी बसलो होतो. मसूरच्या आसपास तुझा आवाज ऐकू आला. शपथ. आठवीतला तुझा आवाज, फुटायच्या आधीचा. "सुध्या, प्राणवायू जळताना संपतो ना? मग पाणी जळताना चढायला पायजे. हे विझल्यावर एकदम कसं काय चढतंय?"

आठवलं? १९८६. तुमच्या पडवीत परात, कुंकवाचं पाणी, तुझ्या आत्याकडून आणलेली हॉर्लिक्सची बाटली. बाटलीवर मी कागदाची पट्टी चिकटवली होती, पाच समान भाग केलेली. जाड मेणबत्ती लावली की पाणी पहिल्या रेघेच्या वर जायचं, वाढदिवसाची बारीक लावली की रेघेपर्यंत पोचायचंच नाही. तू म्हणालास, मेणबत्तीगणिक हवा बदलते का? मी म्हटलं, गप बस, पुस्तकात एक पंचमांश आहे. आणि मग मी काय केलं, ते तुला माहीत आहे. पट्टी ओली करून सोलली आणि पाणी जिथे थांबलं होतं तिथे पहिली रेघ येईल अशी परत चिकटवली. तू शेजारी उकिडवा बसून बघत होतास. बोलला नाहीस. एवढंच म्हणालास, "वाळू दे नीट, नायतर सुटंल."

दुसरा नंबर आला आपला. बक्षीस एक कंपासपेटी, दोघांत. ती मी ठेवली, तू प्रमाणपत्र घेतलंस, आणि त्या वाटणीवरून आपण आजतागायत भांडतो. (कंपासपेटीतला कर्कटक आधीपासूनच मोडका होता. मी मोडला नाही. चाळीस वर्षं सांगतोय.) पण त्या पट्टीवरून आपण एकदाही भांडलो नाही, हे एस.टी.त पहिल्यांदा लक्षात आलं.

त्याच रात्री स्वयंपाकघरात बसलो. ही झोपल्यावर. एक, दोन, तीन मेणबत्त्या, एकच बाटली, तीनदा करून बघितलं. आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नुसतं पाण्याकडे न बघता सगळीकडे बघितलं. बाटली ज्योतीवर उतरवताना काठाखालून बुडबुडे बाहेर पडतात, भराभर. तूही तेव्हा विचारलं होतंस हे बुडबुडे कशाचे म्हणून, आणि मी म्हटलं होतं पाणी उकळतंय. पाणी गारढोण होतं रे! ते बुडबुडे हवेचे. ज्योतीने हवा तापते, फुगते, बाटलीत मावत नाही, बाहेर पडते. मेणबत्त्या तीन असल्या की जास्त तापते, जास्त बाहेर पडते. मग ज्योत विझते, उरलेली हवा गार होऊन आक्रसते, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. म्हणून विझल्यावर. म्हणून एकदम.

खात्री करायला पोरीचा हेअर ड्रायर घेतला. बाटलीत दोन-तीन मिनिटं गरम हवा सोडली आणि ताटलीत उपडी घातली. मेणबत्तीच नाही, जळायला काही नाही. तरी पाणी दीड बोट चढलं. त्या आधी एक काचेचा ग्लास सांडशीत धरून गॅसवर तापवायला गेलो होतो, तो तडकला. सहाच्या सेटमधला. सकाळी हिने मोजले.

आणि ऑक्सिजन "संपतो" म्हणतो आपण, तेही खरं नाही. बंद भांड्यात मेणबत्ती विझते तेव्हाही सुमारे १६ टक्के ऑक्सिजन आत शिल्लक असतो; ज्योतीला तेवढ्यावर भागत नाही, इतकंच. जो वापरला जातो त्याच्या बदल्यात कार्बन डायऑक्साइड येऊन बसतो. कागदावर मांडून बघितलं. मेणाचा रेणू म्हणजे २५ कार्बन आणि ५२ हायड्रोजन धर. तो जळायला ऑक्सिजनचे ३८ रेणू लागतात, आणि त्यातून कार्बन डायऑक्साइडचे २५ बाहेर येतात. वाफेचं पाणी होतं, ते सोडून दे. म्हणजे तीन घेतले तर दोन परत दिले. तुझ्या बँकेच्या भाषेत, खात्यातून पैसे गेले असं मी सत्तावीस वर्षं ओरडतोय आणि जमेची बाजू बघितलीच नाही. समीकरण संतुलित करायला मीच शिकवतो, दत्त्या. डावीकडे किती, उजवीकडे किती. पोरांनी आकडा चुकवला तर अर्धा मार्क कापतो.

पण खरी गंमत पुढेच आहे, आणि ती फक्त तुला कळेल.

हे सगळं तुमच्या आजीला माहीत होतं.

बेंबी सरकली म्हणून अख्ख्या आळीतली पोरं तिच्याकडे यायची. उताणं झोपवायची, बेंबीवर कणकेचा दिवा, वात पेटवायची आणि वरून तांब्या उपडा घालायची. मी भोंगा पसरायचो, पोट भाजेल म्हणून. तिचं म्हणणं एकच, "गप पड. दिवा इझला की तांब्या धरतो." दिवा जळताना नाही, विझल्यावर. मग तांब्या असा चिकटायचा की सगळं पोट वर ओढलं जायचं. आमच्या पाण्याच्या जागी माझं पोट होतं, एवढाच फरक. तू ते दर आठवड्याला बघत होतास, म्हणून तुला परातीतलं पाणी बघून शंका आली. मला आली नाही, कारण मी पुस्तक बघत होतो. तुझा प्रश्न आजीच्या तांब्यातून आला होता आणि मी त्याला "अडाण्यासारखं बोलू नको" म्हटलं होतं. हा शब्द मी वापरला होता. तुला आठवत नसेल तर बरं, पण तुला आठवत असणार.

मग मला ते भूतच लागलं. म्हटलं, एक पंचमांश हा आकडा तर खरा आहे ना, मग तो घरी मोजायचा कसा? जळणारं असं काही हवं, जे ऑक्सिजन घेईल पण बदल्यात वायू सोडणार नाही, आणि तापवणार नाही. म्हणजे गंज. लोखंड ओलं ठेवलं की हवेतला ऑक्सिजन घेऊन गंजतं, आणि गंज तर घन. मेणबत्ती ऑक्सिजन खाते आणि कार्बन डायऑक्साइडचा ढेकर देते. लोखंड गिळतं आणि ढेकरही देत नाही. (असे लोक तू सहकारात पुष्कळ बघितले असशील.)

बाजारातून भांडी घासायची तारेची घासणी आणली, परीक्षानळीच्या बुडाशी कोंबली, नळी पाण्यात उपडी केली. दोन दिवस चकचकीत! पाणी हललं नाही. तिसऱ्या दिवशी डोक्यात उजेड पडला, की घासणी स्टेनलेस स्टीलची, तिला गंज यायचाच कसा? बी.एस्सी. बी.एड. माणूस मी. मग एका लेथवाल्याकडे गेलो. लेथवर निघतं ते कुरळं लोखंड त्याने पिशवीभर दिलं, वर विचारलं, "गुरुजी, दागिने करताय काय?" त्याला ऑइल लागलेलं असतं, ते निरम्याने धुतलं, मग व्हिनेगरमध्ये बुडवून काढलं, आणि ओलं असतानाच नळीत घट्ट बसवलं.

या खेपेला पट्टी आधी चिकटवली. खरी पट्टी, सेंटिमीटरची. आणि हात लावला नाही.

नळीतली हवा १५ सेंटिमीटर. संध्याकाळी ठेवली, सकाळी लोखंड तांबूस आणि पाणी एक सेंटिमीटरच्या वर. दुसऱ्या दिवशी अडीच. तिसऱ्या दिवशी तीनच्या किंचित वर. चौथ्या दिवशी तिथेच. पाचव्या दिवशी तिथेच. लोखंड अजून भरपूर शिल्लक होतं, गंजायला तयार होतं, पण वर उरला तो नत्रवायू, त्यात त्याला खायला काही नाही. १५ तले ३ आणि एक बारीक रेघ. मी हिला हाक मारून दाखवलं. ती म्हणाली, "हं. आणि ग्लास कधी आणताय?"

लाव्हाझिए आठवतो का, पुस्तकात फोटो होता, विग घातलेला? तुझ्याच जातीचा, करवसुलीच्या कंपनीत भागीदार होता, त्यापायी १७९४ मध्ये मान गेली त्याची. त्याने पारा बंद हवेत बारा दिवस तापवत ठेवला होता. घाईने मेणबत्ती लावून नाही, बारा दिवस. पाऱ्यावर लाल राख धरली आणि ५० घनइंच हवेची ४२-४३ उरली. म्हणजे गेली सात-आठ. हिशेब कर, सहावा हिस्सा होतो, पाचवा नाही. त्याला सहावा आला, त्याने तेवढाच लिहिला. जगातला त्या वेळचा सगळ्यात हुशार रसायनवाला, त्याला एक पंचमांश जमलं नाही. आपल्या दोघांना परातीत कुंकवाच्या पाण्यात बरोब्बर जमलं.

(चुकला तोही. ऑक्सिजन हे नाव त्यानेच दिलं, अर्थ "आम्ल तयार करणारा", कारण त्याला वाटलं प्रत्येक आम्लात तो असतोच. मिठाच्या आम्लात नसतो, हायड्रोजन आणि क्लोरीन बस. नाव तेच राहिलं. आपला "प्राणवायू" शब्द बरा होता, उगाच सोडला.)

आता खरी अडचण ऐक. निकाल लागून महिना झाला. ज्वालामुखी नंबरात आला, जिल्ह्याला जाऊन आला. त्या मुलीला उत्तेजनार्थसुद्धा काही नाही. बरोबरच्या परीक्षकांना मी फोन केला तर म्हणाले, "सर, निकाल वर गेला, आता कशाला उकरताय? आणि तिने निष्कर्ष लिहिला नव्हता हे तर खरं ना?" खरं आहे. तिने लिहिला नव्हता, कारण तिला सापडला नव्हता. सापडला नसताना लिहिणारे मी खूप बघितलेत, एक तर रोज दाढी करताना बघतो.

हिचं म्हणणं, आठवीतली पोरगी, विसरली असेल.

तू विसरलास का?

हे मी गंमत म्हणून विचारत नाही. दहावीला तुला विज्ञानात माझ्यापेक्षा सहा मार्क जास्त होते. सगळे म्हणाले दत्ताला सायन्स झेपणार नाही म्हणून कॉमर्सला गेला. अण्णांची परिस्थिती होती, ते मला माहीत आहे. कराडला खोली करून राहणं परवडलं नसतं, तेही माहीत आहे. पण मधून मधून, विशेषतः रात्री, मला ती पट्टी दिसते आणि वाटतं, त्यात एखादा आणा माझाही असेल का? पडवीत तू गप्प बसलास तो नंतर वर्गातही गप्पच राहिलास. नववीत तू प्रश्न विचारल्याचं मला आठवत नाही. नसेलही तसं. तू म्हणशील, सुध्या, तुला स्वतःचं महत्त्व फार. तसं असेल तर तसं लिही, मला आवडेल. पण हसण्यावारी नेऊ नकोस.

येत्या शनिवारी सकाळची शाळा. सुटल्यावर मी त्या मुलीच्या शाळेत जाणार आहे. हेडमास्तरांना फोन केला, कारण सांगितलं नाही, "एक प्रयोग दाखवायचाय" म्हटलं. त्यांना वाटलं मोफत कार्यक्रम आहे, खूश झाले, सगळी आठवी बसवतो म्हणाले. आता सगळ्या आठवीसमोर मला सांगावं लागणार, की तुमच्यातल्या एकीचं बरोबर होतं आणि परीक्षकाचं चुकलं. आधी वाटलं तिला एकटीला बाजूला घेऊन सांगावं. मग वाटलं शून्य तर चारचौघांत दिलं होतं. नळी, लोखंड, हेअर ड्रायर, मेणबत्त्या, सगळं पिशवीत भरून ठेवलंय. उत्तर मात्र मी सांगणार नाही. ड्रायर तिच्या हातात देईन आणि बाजूला उभा राहीन. बघू काय म्हणते. कदाचित काहीच म्हणणार नाही, आणि मला गुलाबाचं फूल देऊन परत पाठवतील.

आमच्या शाळेतलं वेगळंच. मंगळवारी आठवीच्या वर्गात हे सगळं पुन्हा केलं. मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "सर, मग सहामाहीला आम्ही लिहिलं ते चूक?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "पण तुम्ही तर मार्क दिले." वर्ग हसला. मार्क परत घेऊ का विचारलं तर सगळे गप्प.

तुझं काय? व्हीआरएस घेतोयस असं विज्याकडून कळलं. घे, पण रिकामा बसू नकोस, डोकं खाशील वहिनींचं. चिऊचं पुण्यातलं स्थळ पुढे सरकलं का? मुलगा केमिकल कंपनीत आहे म्हणे, त्याला मेणबत्तीचं विचारून बघ. पंचमांश म्हणाला तर घाई करू नका. अण्णांच्या मोतिबिंदूचं काय ठरलं? वहिनींना नमस्कार.

आणि एक. आजीचा तो तांब्या आहे का अजून तुमच्याकडे? तळाला पोचा आलेला, पितळी. गावचं घर आवरलं तेव्हा तू भांडी सांगलीला नेली होतीस. मोडीत घातला नसशील तर शनिवारी घेऊन ये. साडेअकराला एस.टी. स्टँडवर थांबतो. कणीक मी आणतो, पोट तुझं.

तुझा,
सुध्या

ता. क. कंपासपेटी सापडली. कर्कटक खरंच मोडका आहे.